मदरबोर्ड जळालाच नव्हता

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात मी घरीच लग्नाच्या, वास्तूच्या, तेरवीच्या पत्रिका लावून देते. कॉम्प्युटर 2014 साली नागपूरला सीताबर्डीवरून घेतलेला. प्रोसेसर कोअर आय5-4570, रॅम 8 जीबी. इतकी वर्षं त्याने कधी त्रास दिला नाही.

यंदा मे महिन्यात, ऐन लगीनसराईत, तो मधेच बंद पडायला लागला. कोरलड्रॉ (पत्रिका बनवायचं सॉफ्टवेअर) उघडून दोन-चार फोटो टाकले की पंख्याची घरघर वाढायची आणि पंधरा-वीस मिनिटांत पडदा काळा. सूचना नाही, काही नाही. लगेच चालू केला तर पाच मिनिटांत पुन्हा बंद. तासभर तसाच राहू दिला की मात्र व्यवस्थित चालायचा. हे लक्षण नीट ध्यानात ठेवा. थंड झाल्यावर चालतो आणि तापल्यावर बंद पडतो, तेव्हा पहिला संशय उष्णतेवर घ्यायचा. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास गेला की आधी स्वतःचा वेग कमी करतो, आणि तरीही तापत राहिला तर जळू नये म्हणून मशीनच बंद होते. ते बंद पडणं म्हणजे बिघाड नव्हे, तो बचाव आहे. मला तेव्हा हे ठाऊक नव्हतं.

तालुक्याच्या दुकानात सीपीयूचा डबा नेला. दुकानदाराने झाकणसुद्धा उघडलं नाही. चालू केला, वरून हात लावून पाहिला आणि म्हणाला, "ताई, याचा मदरबोर्ड गेला. जळला न तो. आता याच्यात काही राम नाही राह्यला."

मी विचारलं, "भाऊ, जळला तर मग चालू कसा होते?"

"होते न थोडा वेळ. मग एक दिवस सगळंच जाईन, डेटा पण जाईन."

डेटा म्हटल्यावर मी घाबरले. चार पत्रिका अर्धवट होत्या आणि एका नवरीच्या वडिलांचे दिवसातून तीन-तीन फोन येत होते. मी हो म्हटलं. मदरबोर्ड म्हणजे आतले सगळे भाग जोडणारा मुख्य बोर्ड. त्याचे 4,200, 'कूलिंग'चे 600, मजुरी 500, असे 5,300 रुपये झाले. बिल मागितलं तर म्हणाला, "पक्कं बिल केलं तर 18 टक्के जीएसटी लागते ताई, कायले उगाच?" एका चिठ्ठीवर आकडे लिहून दिले. जुना बोर्ड मागितला तर तो भंगारात गेला म्हणे.

तीन दिवसांनी घरी आणला. बंद पडणं खरंच थांबलं होतं. मी इतकी समाधानी झाले की गावातल्या दोघांना तेच दुकान सांगितलं. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

पत्रिका उघडायला वेळ लागतो, फोटो सरकवला की अडकतो, हे आठवड्याभरात जाणवायला लागलं. जूनमध्ये भाचा आला, तो अमरावतीला पॉलिटेक्निकला आहे. त्याने कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडला आणि म्हणाला, "मामी, तुमच्यात आय5 होता न? हा तर आय3-4130 आहे. आन् रॅम चारच जीबी दाखवते." मी पत्र्याच्या कपाटातून नागपूरचं जुनं बिल काढलं. त्यावर आय5-4570 आणि 4 जीबीच्या दोन रॅम स्पष्ट लिहिलेल्या होत्या.

फसवणूक कशी बेमालूम होती ते सांगते. हे दोन्ही प्रोसेसर 2013 सालचे, बोर्डावरच्या एकाच सॉकेटमध्ये, म्हणजे खाचेत, बसणारे. टास्क मॅनेजरमध्ये लॉजिकल प्रोसेसर, म्हणजे एका वेळी हाताळता येणारी कामं, दोन्हींची चारच दिसतात. मूळ वेग आय5चा 3.2 गिगाहर्ट्झ, तर आय3चा 3.4, म्हणजे वरवर पाहिलं तर आय3च सरस वाटतो. फरक आहे कोअरमध्ये, म्हणजे आतल्या प्रत्यक्ष काम करणाऱ्या भागांत: आय5ला खऱ्या चार, आय3ला दोनच. आणि माझ्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचं, जोरात काम करताना आय5 साधारण 84 वॅट उष्णता सोडतो, आय3 54 वॅट. कमी तापणारा प्रोसेसर बसवला म्हणून मशीन बंद पडायचं थांबलं, आणि मी समजले दुरुस्ती झाली.

मग आम्ही झाकण उघडलं. बोर्डाच्या कोपऱ्यात नागपूरच्या दुकानाचं वॉरंटीचं बारकं पांढरं स्टिकर होतं. पिवळं पडलेलं, एक कोपरा उचकटलेला, त्यावर निळ्या पेनाने महिना आणि 2014. नवा म्हणून 4,200 रुपये घेतलेला बोर्ड तोच जुना होता.

मूळ कारणही तिथेच सापडलं. आमच्याकडे दिवाळीनंतर वेचलेला कापूस भाव येईपर्यंत समोरच्या खोलीत भरून असतो, तिथेच माझं टेबल. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली त्याची उष्णता ओढून घेणारा ॲल्युमिनियमच्या पात्यांचा हीटसिंक असतो. दुकानदाराने वरवर हवा मारली होती, तरी पात्यांच्या कडेला कापसाचे तंतू आणि धूळ मिळून गोधडीतल्या जुन्या कापसासारखा दाबलेला थर उरलाच होता. चिमट्याने ओढला तर सलग पट्टी निघाली. हवाच आत जात नसेल तर पंखा कितीही फिरून काय उपयोग? त्यात बाहेर 44-45 अंश.

म्हणून कापसाच्या घरात कॉम्प्युटर असेल तर दुकानात नेण्याआधी एवढं घरी करा. चालू करतानाच डिलीट किंवा एफ2 दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर, प्रोसेसरचं तापमान पाहा. काही कामच चालू नसताना ते ऐंशीच्या वर चढत असेल तर हीटसिंक चोंदलेला किंवा सैल झालेला असण्याची शक्यता मोठी. मशीन बंद करून विजेची वायर काढून ठेवा, पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा आणि ब्लोअर किंवा कोरड्या मऊ ब्रशने साफ करा. ओलं फडकं अजिबात नको. इतक्या वर्षांत प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणारी पेस्टही वाळून खडखडीत होते. हीटसिंक काढलाच तर जुनी पुसून तुरीच्या दाण्याएवढी नवी लावायची, ट्यूब शे-दोनशे रुपयांत येते. कूलरचा ओला झोत थेट सीपीयूवर सोडू नका, ओलाव्याने धूळ घट्ट चिकटते. हे सगळं करूनही बंद पडला तर पॉवर सप्लाय तपासायला सांगा. मदरबोर्डाचं नाव नंतर.

आणि दुकानात द्यायच्या आधी झाकण उघडून बोर्ड, रॅम, स्टिकर यांचे फोटो काढा, टास्क मॅनेजरच्या पडद्याचाही काढा. आणल्यावर दुकानातच ताडून पाहा.

मी नागपूरचं बिल आणि स्टिकरचा फोटो घेऊन त्याच दुकानात गेले. रॅम त्याने मुकाट्याने काढून दिली, "चुकून दुसऱ्याची लागली असन" म्हणाला. स्टिकर दाखवल्यावर बोर्ड 'बदलला'चा 'रिपेअर केला' झाला आणि 2,000 रुपये परत आले. प्रोसेसर मात्र कबूल केला नाही, "तुमच्यात आय3च होता." नागपूरच्या बिलावर मॉडेल आहे, सिरियल नंबर नाही. तिथेच मी अडकले.

ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवली आहे. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि स्वतःची बाजू स्वतः मांडता येते. पक्कं बिल नसलं तरी पैसे यूपीआयने दिले होते, त्याची तारखेसह नोंद माझ्या मोबाइलमध्ये आहे. ती, दुकानदाराची चिठ्ठी, 2014चं बिल आणि स्टिकरचा फोटो जोडून अर्ज तयार केला आहे. पेरणीची धावपळ उरकली की यवतमाळला जाणार आहे. ज्या दोघांना मी ते दुकान सांगितलं होतं, त्यांच्या घरी आधीच जाऊन आले.