“ताई, तुमचं सातत्य कमी पडतंय”

सासूबाई आणि मी इचलकरंजीत कांदा-लसूण मसाला करून विकतो. ओळखीपाळखीत खपत होता. मग वेबसाइट काढली, पण तिकडं कुणी फिरकेना. नेमक्या अशा वेळी ‘तुमच्या साइटवर गिऱ्हाईक आणून देतो’ म्हणणाऱ्या ज्या कंपन्यांचा फोन येतो त्यांच्याबद्दल लिहितेय, कारण आमच्या बचत गटातल्या आणखी एकीला तसाच फोन आलाय.

योजना अशी होती: 18,000 रुपयांत तीन महिने ‘टार्गेटेड ट्रॅफिक’. पुणे, ठाणे, नवी मुंबईतल्या 25 ते 45 वयाच्या, ऑनलाइन किराणा घेणाऱ्या बायका थेट आपल्या साइटवर येणार. सोबत रोजच्या कामांची यादी ‘फुकट’: सकाळी पोस्ट, मग ग्रुपांमध्ये लिंक, संध्याकाळी रील, रात्री कंपनीच्या पॅनेलवर, म्हणजे त्यांच्या साइटवरच्या आपल्या खात्यात, हजेरी. खरी गोम या यादीतच होती.

आकडे खरंच वाढले. दिवसाला आठ-दहा जण यायचे, तिथं सहा-सातशे दिसायला लागले. ऑर्डर मात्र एक नाही. विचारलं की उत्तर तयार: “ताई, ट्रॅफिक आम्ही दिलं. तुमचं सातत्य कमी पडतंय. रविवारी हजेरी नाही तुमची.” रविवारी घरात पाहुणे होते हो! यादी अशी लांबलचक की घर सांभाळून ती रोज पुरी होणारच नाही, आणि अटींमध्ये बारीक अक्षरात लिहिलेलं, की रोजचं काम चुकलं तर पैसे परत नाहीत. मेहनतीचा विषय काढला की आपल्याकडे बाई गप्प बसते, हे त्यांना पक्कं ठाऊक.

मला संशय आला तो शांततेमुळं. खरं गिऱ्हाईक पिडतं. मिरची ब्याडगी की संकेश्वरी? तिखट कमी करून मिळेल का? आमच्या पिनकोडला कुरिअर येतं का? पार्सल आल्यावर पैसे दिले तर चालतील का? दिवसाला सातशे माणसं मसाल्याच्या दुकानात येतात आणि एकही तिखटाचं विचारत नाही?

साइटवर कोण कुठून येतं ते दाखवणाऱ्या गूगल अ‍ॅनालिटिक्समध्ये पुतण्यानं शहरांची यादी उघडून दाखवली. पुणे-ठाणे नावापुरतं. बहुतेक भेटी अ‍ॅशबर्न आणि बोर्डमनच्या. अ‍ॅशबर्न अमेरिकेत व्हर्जिनियात, बोर्डमन ओरेगॉनमध्ये, आणि दोन्हीकडं मोठाली डेटा सेंटर्स, म्हणजे कॉम्प्युटरांनी भरलेल्या इमारती, आहेत. तिथल्या मशीनवरचे प्रोग्रॅम आमचं पान उघडून बंद करत होते. थांबण्याची सरासरी वेळ एक-दोन सेकंद. पहाटे तीनला जेवढी गर्दी, तेवढीच दुपारी चारला. पहाटे तीनला मसाला बघायला कोण उठतं?

पैशांइतकंच दुसरं नुकसान झालं. आधी येणाऱ्या त्या आठ-दहा जणी कुठून येतात, कुठल्या पानावर थांबतात, हे पाहून मी पाकिटांची वजनं ठरवायची. या गर्दीत त्या दिसेनाशाच झाल्या.

असं कुणी विचारायला आलं तर एकच अट घाला: जाहिरातीचं खातं माझ्या नावावर, पैसे माझ्याकडून थेट गूगलला नाहीतर फेसबुकला, तुम्हाला फक्त काम करण्यापुरता अ‍ॅक्सेस. तिथं शहर आपल्याला निवडता येतं, रोजचा खर्च ठरवता येतो, कधीही थांबवता येतं. त्यांच्या पॅनेलवरचे आलेख बघू नका, स्वतःच्या अ‍ॅनालिटिक्समध्ये शहरं आणि वेळ बघा. गूगलवर शोधून किती जण आले ते गूगलच्याच सर्च कन्सोलमध्ये फुकट कळतं. बिल मागा. आम्हाला जीएसटीचं बिल मिळालं नाही, यूपीआय एका माणसाच्या नावावर होतं. पैसे नुकतेच गेले असतील तर आधी 1930 ला फोन करा, ती सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे.

मी ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार केली आहे. कंपनीचं उत्तर आलं. त्याला माझ्या गैरहजेरीचा तक्ता जोडलाय, रविवार लाल रंगात.