७ किलोची सॅक की २३ किलोची बॅग? थायलंड-व्हिएतनाम-बाली दोन-तीन महिने फिरायचं असेल तर

हा वाद नेहमी पैशावर आणि सोयीवर होतो. चेक-इनचे पैसे वाचतात म्हणून सॅक, नाहीतर "तीन महिन्यांचं सामान आहे, ७ किलोत काय बसणार" म्हणून मोठी बॅग. मी म्हणतो आधी तब्येतीच्या बाजूने बघा, कारण वाटेत आजारी पडलं की वाचवलेले पैसे पण जातात आणि सोय पण.

आधी ७ किलोचं गणित. एअरएशिया, व्हिएतजेट या तिकडच्या स्वस्त विमान कंपन्यांच्या साध्या तिकिटात केबिनला तेवढंच वजन चालतं आणि गेटवर सरळ काट्यावर ठेवायला लावतात. चाकांची केबिन बॅग रिकामीच अडीच-तीन किलो भरते, मग आत काय भरणार? म्हणून सॅक घ्यायचीच तर मऊ कापडाची, किलो-सव्वा किलोची, आणि कमरेला पट्टा असलेली, म्हणजे सगळा भार खांद्यावर येत नाही.

पाठ-गुडघ्यांचा विचार केला तर सॅक सरळ जिंकते. हनोईच्या जुन्या भागातली हॉटेलं म्हणजे अरुंद उंच घरं, बऱ्याच ठिकाणी लिफ्ट नाही आणि खोली चौथ्या मजल्यावर. थायलंडच्या बेटांवर लाकडी बोटीतून गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं, तिथे चाकांचा काय उपयोग, २३ किलो डोक्यावर घ्यायचे का? पण ज्याला स्लिप डिस्क किंवा फ्रोझन शोल्डर आहे त्याने पाठीवर काहीच घेऊ नये, त्याच्यासाठी छोटी चाकांची बॅगच बरी.

कपड्यांत मात्र मोठ्या बॅगेची बाजू लोक समजतात त्यापेक्षा भक्कम आहे. सॅकवाल्याकडे चार-पाच जोड, त्यामुळे सारखं धुणं. लाँड्री सगळीकडे किलोवर मिळते, तो प्रश्न नाही, प्रश्न वाळण्याचा. दमट हवेत कॉटनचे आतले कपडे अर्धवट ओलेच चढवले की जांघेत खाज आणि आठवड्यात गजकर्ण. मोठ्या बॅगेत दहा-बारा जोड कोरडे असतात म्हणून हे जरा कमी होतं. सॅकच घ्यायची असेल तर आतले कपडे पातळ, रात्रीत वाळणारे सिंथेटिक घ्या, जीन्स घरी ठेवा, आणि साधं क्लोट्रिमाझोलचं मलम बरोबर असू द्या. आपल्याकडे मेडिकलवाला जे "तीन औषधं एकात" वालं मलम देतो त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं, त्याने दोन दिवस बरं वाटतं आणि मग गजकर्ण दुप्पट पसरतं, ते नकोच. डिसेंबर-जानेवारीत उत्तर व्हिएतनामला जाणार असाल तर चांगलीच थंडी असते, तिथल्या डोंगरातल्या सा पा गावाला तर विचारूच नका. पण त्यासाठी अख्खी मोठी बॅग नको, जॅकेट तिथेच बाजारात घ्या.

आता औषधं, जिथे हलकं सामानवाले लोक उगाच काटछाट करतात. अहो, गोळ्यांना वजन असतं का! बीपी, थायरॉइड, शुगरच्या तीन महिन्यांच्या स्ट्रिप्स एका पाऊचमध्ये बसतात. सिरप मात्र केबिनमध्ये १०० मिलीच्या वर नेताना प्रिस्क्रिप्शन दाखवायची तयारी ठेवा, नाहीतर गोळीच घ्या. मोठी बॅग घेतलीत तरी औषधं तिच्यात टाकायची नाहीत, ती हरवली तर रोजची गोळी चुकते. इन्सुलिन तर नाहीच, खाली सामानाच्या कप्प्यात गोठून वाया जाऊ शकतं. गोळ्या मूळ स्ट्रिपमध्ये ठेवा आणि डॉक्टरांकडून चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, कारण बँकॉकच्या फार्मसीत क्रोसिन म्हणालात तर कोणाला कळेल असं धरू नका, पॅरासिटामॉल कळतं. कोडीनवाला खोकल्याचा सिरप, ट्रामाडॉल (जोरदार वेदनाशामक), झोपेच्या किंवा अँग्झायटीच्या गोळ्या असतील तर सिंगापूर किंवा दुबईमार्गे जाताना आधी नियम बघा, परवानगी लागू शकते. आणि दुबईला उतरणार असाल तर आईने दिलेले अनारसे घरीच संपवा, खसखस तिथे बेकायदा आहे, गंमत नाही.

जुलाबासाठी ओआरएसची पाकिटं दोन्ही बॅगेत हवीत. संपली तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. नळाचं पाणी तिकडे पिऊ नका. फिल्टरची बाटली घ्यायची की उकळायचं असं लोक विचारतात, तर साध्या फिल्टरने विषाणू अडत नाहीत, मिनिटभर खळखळून उकळलं की मरतात, आणि किटली बऱ्याच खोल्यांत असतेच. बाटलीचं वजन वाचलं.

काही गोष्टींचं वजन शून्य आहे, तरी लोक त्याच विसरतात. टायफॉइड आणि हेपॅटायटिस एची लस निघायच्या काही आठवडे आधी. बालीत २००८ पासून रेबीज आहे, तिथे जाणार असाल तर रेबीजची चावण्याआधीच घ्यायची लस डॉक्टरांना जरूर विचारा. ती घेतलेली असली की कुत्रा किंवा माकड चावल्यावर इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटीबॉडीजचं इंजेक्शन) लागत नाही, जे छोट्या बेटांवर मिळणं कठीण. तरी चावल्यावरचे डोस घ्यावेच लागतात, आणि जखम लगेच साबण-पाण्याने १५ मिनिटं धुवायचीच. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून एक पातळ फुल बाह्यांचा शर्ट सॅकमध्ये हवाच.

खाऊत मोठी बॅग जिंकते, मान्य. व्हिएतनामात बऱ्याच पदार्थांत माशांचा सॉस पडतो, शाकाहारी माणूस महिनाभर कंटाळतो आणि मग केळी-बिस्किटांवर राहून अशक्त होतो. थेपले आठवडाभर पुरतात, मेतकूट मात्र अर्धा किलो नेलं तर भातावर महिना निघतो, आणि ते सॅकमध्येही बसतं.

तर दर चार-पाच दिवसांनी गाव बदलणार असाल तर सॅक, दुसरा विचार नको. थायलंडच्या चिआंग माई किंवा व्हिएतनामच्या दा नांगला महिना-महिना खोली घेऊन राहणार असाल तर मोठी बॅग खुशाल घ्या, पण १५ किलोच्या वर भरू नका, ती उचलणार तुम्हीच. आई-बाबा बरोबर असतील तर सगळ्यांत मिळून एक चेक-इन बॅग आणि प्रत्येकाची औषधं त्याच्या त्याच्या हँडबॅगेत. बाबांच्या गोळ्या आईच्या पर्समध्ये असं करू नका, इमिग्रेशनच्या रांगा वेगळ्या झाल्या की शोधाशोध होते.