द ब्लॅक कीजचा 'रबर फॅक्टरी': काही महिने ऐकल्यानंतर

पहिल्या चार-पाच वेळा हा अल्बम गढूळ वाटतो. बहुतेकांचा हात इथेच इक्वलायझरकडे जातो: खालचे स्वर वाढव, वरचे थोडे चमकव. तसं करू नका. काही महिने रोजच्या वापरात राहिल्यावर कळतं की हा गढूळपणा मांडून ठेवलेला आहे. तो पुसायला गेलात की गाणंही त्याच्यासोबत पुसलं जातं.

आधी वस्तू काय आहे ते. द ब्लॅक कीज म्हणजे दोनच माणसांचा रॉक बँड. गिटार आणि आवाज डॅन ऑरबाखचा, ड्रम पॅट्रिक कार्नीचे. दोघंही अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावचे. अल्बम सप्टेंबर २००४ मध्ये फॅट पॉसम या लेबलवर आला, गाणी १३, वेळ चाळीस मिनिटांहून जराशी जास्त. त्याआधीचा 'थिकफ्रीकनेस' (२००३) त्यांनी कार्नीच्या तळघरात एका लांबलचक बैठकीत उरकला होता. या वेळी त्यांनी अ‍ॅक्रनमधल्या जनरल टायरच्या बंद पडलेल्या कारखान्यात जागा घेतली आणि तिथेच रेकॉर्डिंग मांडलं. गुडइयर, फायरस्टोन, गुडरिच, जनरल टायर, सगळे याच गावात वाढले, त्यामुळे अल्बमच्या नावात कविता शोधायची गरज नाही. पत्ताच आहे तो. ध्वनीच्या दृष्टीने ती जागा काही फार चांगली नव्हती, निर्माताही बाहेरचा नव्हता. वाजवणं आणि रेकॉर्डिंग दोघांनीच केलं, आणि ते ऐकू येतं.

आता मुख्य गोष्ट: इथे बास गिटार जवळपास नाहीच. ऐकताना हे लगेच लक्षात येत नाही, पण सगळ्या तक्रारींचं मूळ तिथे आहे. बासची सर्वांत खालची तार साधारण ४१ हर्ट्झला वाजते, गिटारची सर्वांत खालची तार साधारण ८२ला. म्हणजे ४१ ते ८२ या पट्ट्यात इतर रॉक अल्बममध्ये बास बसलेला असतो, इथे मात्र मुख्यतः पायाने वाजणारा किक ड्रम तेवढा आहे. तुम्ही बास वाढवलात तर गिटार जाड होत नाही, फक्त किक फुगतो आणि गाण्यापासून सुटा पडतो. सबवूफर, म्हणजे फक्त खालच्या स्वरांसाठीचा वेगळा स्पीकर, असेल तर हा घोटाळा आणखी स्पष्ट होतो. क्रॉसओव्हर (ज्या स्वराखालचं सगळं सबवूफरकडे वळवलं जातं ती सीमा) ८० हर्ट्झवर असला की सबवूफरकडे जवळजवळ एकटा किक जातो आणि शेजारच्या खोलीत कुणीतरी भिंतीवर बुक्क्या मारतंय असं वाटतं. सबवूफरचा आवाज नेहमीपेक्षा दोन-तीन डेसिबल खाली आणा, नाहीतर या अल्बमपुरता बंदच ठेवा. काही बिघडत नाही.

दुसरी तक्रार कर्कशपणाची. फझ म्हणजे गिटारचा सिग्नल इतका वाढवायचा की लाटेचे शेंडे छाटले जातात. छाटलेल्या लाटेतून मूळ स्वराच्या वरचे भरपूर स्वरांश तयार होतात आणि त्यांतले बरेचसे २ ते ४ किलोहर्ट्झच्या आसपास येतात. माणसाचा कान नेमका तिथे सर्वांत तिखट. ज्या इअरफोनमध्ये बोलणं स्पष्ट यावं म्हणून हाच पट्टा आधीच उचललेला असतो, त्यांवर 'टेन ए.एम. ऑटोमॅटिक'च्या शेवटाकडचा गिटारचा धुमाकूळ दाताला झोंबतो. उपाय एकच. ३ किलोहर्ट्झच्या आसपास दोन डेसिबल कमी करा आणि बाकी काही हलवू नका. सगळा ट्रेबल, म्हणजे वरचे स्वर, खाली ओढलात तर झांजा मरतात आणि कार्नी घोंगडीखालून वाजवतोय असं ऐकू येतं.

आवाज किती ठेवायचा? हळू ठेवला की कानाला खालचे स्वर आधी दिसेनासे होतात, मग फझचं नुसतं माशीसारखं गुणगुणणं उरतं. हा अल्बम पार्श्वभूमीला लावायचा नाहीच. बोलणाऱ्या माणसाला आवाज थोडा चढवावा लागेल, इतपत ठेवा. त्याहून वर नेऊन मात्र काही मिळत नाही, कारण रेकॉर्डिंग मुळातच भरगच्च आहे आणि अर्ध्या तासात कान थकतो.

स्ट्रीमिंगवर ऐकणाऱ्यांसाठी एक सेटिंग महत्त्वाचं: व्हॉल्यूम नॉर्मलायझेशन. शफल किंवा प्लेलिस्टमध्ये प्रत्येक गाणं वेगळं मोजून एका पातळीवर आणलं जातं. त्यात 'द लेंग्थ्स' हे सातवं, संथ, स्टील गिटारचे लांब ओढलेले स्वर असलेलं गाणं शेजारच्या दणक्यांइतकंच मोठं होऊन बसतं. अल्बमच्या मधोमध श्वास घेण्यासाठी ठेवलेली जागा अशी भरून टाकली की तेरा गाणी एकसारखी वाटणारच. अल्बम क्रमाने लावा आणि सोय असेल तर नॉर्मलायझेशन बंद करा. डेटा वाचवणारा दर्जाही इथे नको. कमी बिटरेटवर फझ आणि झांजा एकाच वेळी आल्या की दोन्हीचा चिखल होतो, झांज पाण्यात बुडवून वाजवल्यासारखी येते. साध्या गायकीच्या गाण्यात हा फरक कळणारही नाही, इथे पहिल्याच गाण्यात कळतो.

एलपीवाल्यांना एवढंच: प्रत्येक बाजूच्या शेवटच्या गाण्यात सुई आतल्या, लहान वर्तुळात असते, खोबणीचा वेग कमी होतो आणि वरचे स्वर फाटतात. फझमुळे ते लपतं, गाण्यातल्या 'स'मध्ये मात्र उघडं पडतं. सुईचा खोबणीवरचा दाब (ट्रॅकिंग फोर्स) कार्ट्रिजच्या कंपनीने दिलेल्या मर्यादेत, वरच्या टोकाकडे ठेवा.

गाण्यांबद्दल. काही महिन्यांनी माझी क्रमवारी पार उलटी झाली. सुरुवातीला 'टेन ए.एम. ऑटोमॅटिक' आणि 'गर्ल इज ऑन माय माइंड' डोक्यात बसतात, आणि ती बसावीत अशीच आहेत. पण टिकलं ते पहिलं गाणं, 'व्हेन द लाइट्स गो आऊट'. चाल मंद, जड, आणि ठोके असे पडतात की पुढचा येईल की नाही अशी शंका यावी. कार्नी घड्याळासारखा वाजवत नाही. रिफ (गिटारचा परत परत येणारा तुकडा) वळतो तिथे तो किंचित मागे राहतो, मोकळ्या जागेत पुढे सरतो. क्लिक ट्रॅकवर (कानात एकसारखा टिकटिकणारा ठोका) घासूनपुसून सरळ केलेले ड्रम ऐकायची सवय असलेल्याला ही चूक वाटेल. दोनच माणसं असताना बासवाल्याचं काम कोण करतं, याचं उत्तर मात्र इथेच मिळतं. गिटार खालच्या तारांवर धरून ठेवते आणि ड्रम तिच्याभोवती सैल-घट्ट होत राहतात.

ही पद्धत त्यांनी उत्तर मिसिसिपीच्या ब्लूजवाल्यांकडून, विशेषतः ज्युनिअर किम्ब्रोकडून उचललेली आहे. एकाच कॉर्डवर (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटावर) ठाण मांडायचं आणि लयीनेच गाणं पुढे न्यायचं. 'थिकफ्रीकनेस'वर किम्ब्रोचं गाणं होतं, २००६मध्ये तर 'चुलाहोमा' हा पूर्ण ईपी (अल्बमपेक्षा छोटा संच) त्याच्याच गाण्यांचा काढला. ती नाळ माहीत असली की 'रबर फॅक्टरी'तला तोचतोचपणा खटकत नाही, उलट तेवढ्यासाठीच परत लावावासा वाटतो.

उत्तरार्धात तीन जुनी गाणी ओळीने येतात आणि मला हाच सर्वांत हुशार तुकडा वाटतो. 'ग्रोन सो अग्ली' लुइझियानाच्या रॉबर्ट पीट विल्यम्सचं. माणूस आरशात पाहतो आणि स्वतःला ओळखत नाही. अमेरिकन रॉक गायक कॅप्टन बीफहार्टनेही ते १९६७मध्ये केलं होतं, दोन्ही पाठोपाठ लावून बघा. मग 'स्टॅक शॉट बिली', म्हणजे १८९५च्या नाताळात सेंट लुइसमध्ये ली शेल्टनने बिली लायन्सला गोळी घातली त्या खुनाची लोककथा. त्यानंतर लगेच किंक्स या ब्रिटिश बँडचं 'अ‍ॅक्ट नाइस अँड जेंटल', जे इथे इतकं हलकं येतं की खिडकी उघडल्यासारखं वाटतं. एवढ्या धुरळ्यानंतर ते तिथे नसतं तर 'एरोप्लेन ब्लूज' इतकं अंगावर आलं नसतं.

उणं बोलायचं तर 'द डेस्परेट मॅन' आणि 'कीप मी' अजूनही एकमेकांपासून पुरेशी वेगळी होत नाहीत. ऑरबाखचे शब्द बऱ्याच ठिकाणी जुन्या ब्लूजची साठवलेली वाक्यंच आहेत, ओळी वाचून काढाल तर निराशा होईल. ते ऐकायचे असतात.

हातात गिटार असेल आणि हा आवाज काढायचा असेल, तर सगळे करतात ती चूक टाळा: फझ पूर्ण फिरवणे. पूर्ण फझवर कॉर्डमधले स्वर एकमेकांना खातात आणि दोन माणसांचा आवाज उलट लहान होतो. फझ अर्ध्यावर, टोन अर्ध्याच्या खाली, अ‍ॅम्प थोडा चढवून, आणि तीन स्वरांच्या कॉर्डऐवजी मूळ स्वर व पंचम एवढेच धरा. जाडी तिथून येते.

यानंतर काय लावावं, असं बरेच जण विचारतात. हाच खरखरीतपणा हवा असेल तर मागे जा, 'थिकफ्रीकनेस'कडे. गाणी अधिक बांधलेली हवी असतील तर 'ब्रदर्स' (२०१०). 'अटॅक अँड रिलीज' (२००८) डेंजर माऊसने निर्माता म्हणून केला आहे, तो थेट यानंतर लावू नका. कान अजून कारखान्यातच असतो.