हार्डटेलच्या मागच्या चाकाला ट्यूब की ट्यूबलेस?
हार्डटेल म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली माउंटन सायकल. मागे सस्पेन्शन नसतं, म्हणून दगडाचा दणका आधी टायरच खातो.

ट्यूब स्वस्त, पंक्चर कुठेही निघतं. पण हवा कमी ठेवली की दगड आणि रिमच्या मध्ये ट्यूब चिमटते, शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. जास्त भरली तर चाक उड्या मारतं, उतारावर पकड जाते.

ट्यूबलेसमध्ये २.४ इंची टायर वजनानुसार २२ ते २६ पीएसआय हवेच्या दाबावर बिनधास्त चालतो. सोलापूरजवळच्या हिप्परग्याकडच्या माळावर बाभळीचा काटा घुसलाच, तर उपसायचा आणि भोक खाली येईल असं चाक फिरवायचं. टायरमधला पांढरा सीलंट (भोक बुजवणारा द्रव) फसफसतो, मग थांबतो. सोलापूरच्या ४० अंशांपलीकडच्या उन्हाळ्यात तो लवकर सुकतो, दोन-तीन महिन्यांनी भरावाच लागतो. तरी माझं मत ट्यूबलेसलाच! फक्त पिशवीत एक ट्यूब असू द्या, टायर चिरला तर सीलंट पुरत नाही.