बदाम खावेत की शेंगदाणे?

सोलापुरात "रोज बदाम खा, आयुष्य वाढेल" असं सांगणारे बरेच, पण घरोघरी डब्यात असतात ते शेंगदाणेच. मग बदामाचं एवढं कौतुक कशाला? २०१३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात परिचारिका आणि आरोग्य क्षेत्रातले पुरुष अशा सुमारे १ लाख १९ हजार जणांच्या ३० वर्षांच्या नोंदी तपासल्या होत्या. रोज मूठभर दाणे-बदाम खाणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण न खाणाऱ्यांपेक्षा २० टक्के कमी दिसलं. शेंगदाण्यांचा निकाल बदाम-अक्रोडासारखाच निघाला! अर्थात अशी माणसं व्यायामही जास्त करतात. तो हिशेब धरूनही, दाण्यांमुळेच जास्त जगले असं छातीठोकपणे म्हणता येत नाही.

बदामात ई जीवनसत्त्व नि तंतू जास्त, शेंगदाण्यात प्रथिनं. किमतीचं तर बोलायलाच नको.

शेंगदाण्याची खोड एकच, ओल लागली की बुरशी धरते आणि अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होऊ शकतं. कडू, काळपट दाणा लागला तर सरळ थुंकावा. आपली शेंगा चटणी, कुटता कुटता तेल सुटलेली, कडक भाकरीवर झकासच; पण तिच्यात मीठ असतं. बीपीवाल्यांनी बिनमिठाचे भाजलेले दाणे खावेत. माझं मत शेंगदाण्यालाच. बदाम कुणी भेट दिले तर नाही म्हणू नये, इतकंच.