टॉर्टॉइज एसव्हीएन: आयकॉन बंद करू नका, सेटिंग बघा

टॉर्टॉइज एसव्हीएन (फायलींच्या जुन्या-नव्या आवृत्त्या सांभाळणारा आणि फायलींच्या आयकॉनवर त्यांच्या स्थितीच्या खुणा दाखवणारा प्रोग्राम) टाकलं की विंडोजचा एक्सप्लोरर जड होतो, ही तक्रार सारखी कानावर येते, आणि उपाय म्हणून लोक हे खुणांचे आयकॉनच बंद करतात. मला हे अजिबात पटत नाही. आमच्याकडे मशीनची ड्रॉइंग्ज आणि कंट्रोलरचा कोड एकाच रिपॉझिटरीत, म्हणजे सगळ्या आवृत्त्यांच्या सामायिक साठ्यात, असतो. ड्रॉइंगच्या फायली मर्ज होत नाहीत, म्हणजे दोघांनी केलेले बदल एकत्र करता येत नाहीत, त्यामुळे कुठली फाइल बदलली आहे हे फोल्डर उघडल्या उघडल्या दिसावंच लागतं. हिरवी टिक आणि लाल उद्गारचिन्ह यासाठीच मी हे वापरते.

खरी मेख सेटिंगमधल्या ‘आयकॉन ओव्हरलेज’ (आयकॉनवर उमटणाऱ्या खुणा) या पानावर आहे. तिथे स्टेटस कॅशचे, म्हणजे फायलींची स्थिती काढून जवळ ठेवण्याच्या पद्धतीचे, तीन पर्याय दिसतात. ‘डिफॉल्ट’मध्ये टीएसव्हीएनकॅश नावाची वेगळी प्रोसेस मागे चालू राहते. आत कितीही खोलवरची फाइल बदलली, तरी वरच्या प्रत्येक फोल्डरवर लाल खूण येते. ही सोय मला सोडवत नाही. मात्र ती प्रोसेस मुद्दाम कमी प्राधान्याने चालते, त्यामुळे खूण बदलायला काही सेकंद लागू शकतात. ‘शेल’ फक्त समोर उघडलेल्या फोल्डरपुरतं बघतो. त्याला मेमरी अगदी कमी लागते, पण आतल्या फोल्डरांतले बदल वर कळत नाहीत. ‘नन’ निवडलं तर फायलींवर खुणाच येत नाहीत.

मी ‘डिफॉल्ट’च ठेवलंय, पण त्याला हद्द आखून दिली आहे. एक्सक्लूड पाथमध्ये (वगळायच्या जागा) सी:\* आणि डी:\*, इन्क्लूड पाथमध्ये (धरायच्या जागा) फक्त डी:\प्रकल्प\*. शेवटची तारका (*) विसरू नका, तिच्यामुळेच आतले सगळे फोल्डर धरले जातात. एवढं केलं की डाउनलोड्स, फोटो, कंपाइलरच्या तात्पुरत्या फायली, कशातच ते डोकावत नाही. नेटवर्क ड्राइव्हचा पर्याय सुरुवातीला बंदच असतो, तो तसाच राहू द्या. सर्व्हरवरच्या शेअरचं स्टेटस काढायला फार वेळ जातो.

खुणा उमटतच नसतील तर दोष बहुधा कॅशचा नसतो. विंडोज अशा फक्त 15 ओव्हरलेंना जागा देतं, आणि त्यातल्या काही स्वतःकडे ठेवतं. उरलेल्या जागांसाठी क्लाउड स्टोरेजवाल्या प्रोग्रामांची चढाओढ असते. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदवहीत, या ओव्हरलेंची नावं अकारविल्हे लागतात, म्हणून काही जण नावाआधी मोकळ्या जागा टाकून पुढे घुसतात. ही पद्धत मला चीड आणणारी वाटते, कारण भोगावं लागतं ते वापरणाऱ्याला. टॉर्टॉइजने मात्र इथे समजूतदारपणा दाखवलाय: एसव्हीएनचं टॉर्टॉइज आणि गिट या दुसऱ्या आवृत्ती-व्यवस्थेचं टॉर्टॉइज एकच ओव्हरले संच वाटून घेतात, आणि ‘ओव्हरले हँडलर्स’मध्ये नको त्या खुणा तुम्ही स्वतः काढू शकता. मी ‘इग्नोर्ड’ (मुद्दाम दुर्लक्षित) आणि ‘अनव्हर्जन्ड’ (एसव्हीएनमध्ये न घेतलेल्या) फायलींच्या खुणा काढल्या, ‘कॉन्फ्लिक्ट’ आणि ‘लॉक्ड’ ठेवल्या. हा बदल एक्सप्लोरर नव्याने सुरू झाल्यावरच लागू होतो.