व्हिक्टर मॅकलाग्लेनसाठी घेतलेलं सबस्क्रिप्शन

जुन्या हॉलिवूडपटांचं हे ॲप मी घेतलं ते एकट्या व्हिक्टर मॅकलाग्लेनपायी. गडी मूळचा बॉक्सर. 1909 साली व्हँकुव्हरला जगज्जेत्या जॅक जॉन्सनसमोर सहा फेऱ्या टिकला आणि पुढे ‘द इन्फॉर्मर’साठी (1935) थेट सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं ऑस्कर घेऊन गेला!

‘द क्वाएट मॅन’ची (1952) प्रिंट झकास आहे, आयर्लंडचा हिरवा रंग नुसता डोळ्यांत भरतो. शेवटची ती लांबलचक मारामारी मी मागेपुढे करून पाहिली. गंमत म्हणजे कथेतला माजी बॉक्सर जॉन वेन, आणि खराखुरा बॉक्सर त्याच्यासमोर मार खातोय. साठी उलटलेला माणूस, पण ठोसा बसल्यावर मान कशी झटकायची हे त्याला कुणी शिकवावं लागलं नसणार.

सबटायटल्स मात्र कामचलाऊ. आयरिश उच्चार जड झाले की वाक्यच गायब. नावाचं स्पेलिंग जरा हुकलं की सर्च हात वर करतो. आणि त्याचे मूकपट? औषधालाही नाहीत. महिन्याचा प्लॅन घ्या, वर्षाच्या भानगडीत पडू नका.